पंधरा कार्डं, एक पिन

“पंधरा कार्डं?” त्या मुलानं पेन टेबलावर ठेवलं आणि माझ्याकडं पुन्हा एकदा पाहिलं.

“पंधरा,” मी म्हणाले. म्हणताना मान जरा ताठच झाली. बँकेत माझ्याकडं कुणी दुसऱ्यांदा पाहावं, अशी ती पहिलीच वेळ होती.

“मग ताई, तुम्हाला ही योजना पाहिजेच. कार्ड हरवलं, चोरीला गेलं, तर दहा ठिकाणी फोन करत बसायचं नाही. आम्हाला एक फोन करायचा. एका फोनमध्ये सगळं बंद. वर भरपाईची सोय.”

“किती पैसे?”

“वर्षाला अकराशे नव्याण्णव. खात्यातून आपोआप जातील. तुम्हाला काहीच करायचं नाही.”

ती पंधरा कार्डं कुणाची, हे त्यानं विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यानं एक गुळगुळीत रंगीत पत्रक हातात दिलं. मागची बाजू कोरी होती म्हणून ते मी अंगणवाडीतल्या पोरांना चित्रं काढायला दिलं. आठवड्यानं योजनेवाल्यांचा फोन आला. पलीकडची बाई हिंदीत घडाघडा काय काय वाचत होती. मी प्रत्येक वाक्याला ‘हां जी’ म्हणत गेले आणि सगळं नोंदवून झालं असं समजून फोन ठेवला.

या गोष्टीला आता नऊ वर्षं झाली. कोयनेच्या खोऱ्यातल्या आमच्या हुंबरवाडीत मी अंगणवाडी सेविका आहे. गावात बँक नाही, पैसे काढायचं मशीन नाही. तालुक्याला जायचं तर वडापच्या खासगी जीपमध्ये सव्वा तास कोंबून घ्यावं लागतं. गडीमाणसं बहुतेक मुंबईला, माझे मालकही वाशीच्या मार्केटात माथाडी. मागं राहिल्या त्या म्हाताऱ्या. कुणाची निराधार पेन्शन, कुणाला लेकाची मनीऑर्डर, ती आता खात्यात येऊ लागली होती. महिन्याच्या दहा तारखेला तालुक्याला माझी मीटिंग असायची. मग माझ्या सासूबाई धरून चौदा जणी आदल्या दिवशी आपापलं कार्ड माझ्याकडं आणून द्यायच्या आणि मी मीटिंग उरकून सगळ्यांचे पैसे काढून आणायची.

कार्डं आली तेव्हा मशीनवर त्यांचे पिनही मीच घातले होते. चौदा जणींचे चौदा पिन कोण लक्षात ठेवणार? मी सगळ्यांना एकच घातला, एकोणीसशे अठ्ठ्याण्णव. मी नोकरीला लागले ते साल. माझ्या स्वतःच्या कार्डालाही तोच. कार्ड कुणाचं ते कळावं म्हणून प्रत्येकावर पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर नाव लिहिलं होतं. गावात कुणालाही पिन विचारला असता तर त्यानं सांगितला असता, आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटलंच नव्हतं. मला तर मुळीच नाही. उलट आपण किती नीटनेटकं काम करतो, याचा मला अभिमान होता.

योजना घेतल्याचं मी घरी सांगितलं, तेव्हा सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना मी आत्या म्हणते. नाव बायडाबाई. चौथी पास, आणि पेपर मोठ्यानं वाचायची सवय.

“आगं मालन, कारड बँकेचं,” त्या म्हणाल्या. “पैसा बँकेत. मग कारड हारवलं तर बँकेला सांगायचं. ह्यो मधला कोन?”

“आत्या, पंधरा कार्डांचे पंधरा फोन करावे लागतात. यात एकात काम होतं.”

“पंधराच्या पंधरा येकाच बँकेची हाइत न्हवं?”

“तुम्हाला नाही कळायचं ते.”

आत्यांनी सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला आणि त्या पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. त्यांनी भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

गावात मात्र मी मिरवून घेतलं. चौदा जणींना घरोघर सांगितलं, की आता घाबरायचं कारण नाही, मी माझ्या पदरच्या पैशांनी तुमच्या कार्डांचा बंदोबस्त केलाय. म्हाताऱ्यांनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

पुढच्या महिन्याच्या नऊ तारखेला संध्याकाळी साळूआक्का ओट्यावर आल्या. त्यांनी कार्ड कमरेच्या पिशवीतून काढलं, पण लगेच दिलं नाही. हातात धरून बसल्या.

“बाई, या टायमाला ह्यात म्हशीचं पैसं हाइत,” त्या म्हणाल्या. “दोनीबी म्हशी इकल्या. येकसष्ट हजार. ऱ्हुतुजाची फी पंदरा तारखंला भरायची हाय.”

ऋतुजा त्यांची नात. लेक आणि सून दोघंही गेल्यावर आक्कांनीच तिला वाढवलेली. कराडला नर्सिंगला तिचा नंबर लागला होता. पंधरा तारखेपर्यंत पैसे भरले नाहीत तर जागा दुसऱ्या कुणाला जाणार होती.

“उद्या काडू नगंस,” आक्का म्हणाल्या. “निस्तं हाइत का न्हाय तेवडं मशिनीत बघून ये. माजा जीव लागलाय त्यात.”

“मग कार्ड कशाला देता? घरीच ठेवा.”

“बघायला तर लागंलच की. येपाऱ्यानं खरंच टाकलं का न्हाय, मला काय ठावं? आन तुजी ती येवजना हाय न्हवं?”

“आहे ना,” मी म्हणाले आणि कार्ड घेऊन कापडी पाकिटात बाकीच्यांबरोबर ठेवलं. त्याच पाकिटात एक चिठ्ठी होती. दोन महिन्यांपूर्वी मी तापानं आडवी झाले होते म्हणून शेजारच्या वाडीतल्या सेविकेला पाठवलं होतं. तिच्यासाठी चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘सर्व कार्डांना हाच’, आणि खाली पिन. ती चिठ्ठी काढून फाडायला मला अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी मीटिंग साडेबाराला सुटली. बाजाराचा दिवस होता. मी पावशेर मिरच्या घेतल्या, किलोभर टोमॅटो निवडून घेतले, गर्दीतून वाट काढत स्टँडजवळच्या मशीनपाशी आले. तिथं दारावर पोतं टांगलेलं होतं, म्हणजे मशीन बंद. दहा तारखेला हे ठरलेलंच. मग बाजारपेठेतलं दुसरं मशीन तेवढं चालू असायचं आणि तिथं वीस-पंचवीस माणसांची रांग. निघण्याआधी पाकीट वर काढून ठेवावं म्हणून मी पिशवीत हात घातला.

हात तळापर्यंत गेला. पाकीट लागलं नाही.

एका कापडदुकानाच्या पायरीवर मी पिशवी उलटी केली. रजिस्टर, डबा, टोमॅटो, मिरच्या, चष्म्याचं घर. पिशवीची चेन उघडी होती. टोमॅटो निवडताना कुणीतरी मला मागून रेटत होता, ते आठवलं. डोळ्यांपुढं पाकीट नाही, ती चिठ्ठी आली.

पण लगेच दुसरी आठवण झाली. योजना. मी तिथंच पायरीवर बसून फोन लावला. आधी गाणं वाजलं. मग मराठीसाठी तीन दाबा. मग पुन्हा गाणं. एक टोमॅटो घरंगळत गटाराकडं गेला, तो उचलायचंही मला सुचलं नाही. दहा-अकरा मिनिटांनी एक मुलगी बोलली.

“मॅडम, काळजी करू नका. तुमचं कार्ड आत्ता बंद करते.” खटखट आवाज आला. “झालं. तुमचं कार्ड बंद झालं.”

“सगळी झाली?”

“सगळी म्हणजे? तुमच्या नावावर एकच कार्ड आहे.”

“एक माझं. चौदा गावातल्या बायकांची आहेत. पाकिटात एकत्र होती.”

“मॅडम, ही योजना फक्त तुमच्या नावावरच्या कार्डांसाठी असते. दुसऱ्यांची कार्डं आम्ही बंद करू शकत नाही.”

“पण मी त्या साहेबांना पंधरा सांगितली होती.”

“त्यांनी तुमची समजली असतील. पिन कुणाला माहीत होता का?”

“चिठ्ठी होती पाकिटात.”

“मग भरपाईसुद्धा मिळणार नाही मॅडम. सॉरी.” मग तिचा आवाज जरा खाली आला. वाचून दाखवल्यासारखा राहिला नाही. “ताई, हे बघा, वेळ घालवू नका. ज्यांचं कार्ड त्यांनी स्वतःच्या मोबाइलवरून बँकेला फोन करायचा. नंबर पासबुकच्या मागच्या पानावर असतो. पैसे लागत नाहीत. मराठीला दोन, कार्ड बंद करायला एक, मग खात्याचा नंबर, मग विचारलं की पुन्हा एक. दोन मिनिटांत बंद होतं. ठेवा माझा फोन.”

त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं. माझ्या खात्यात तेव्हा तीनशे बारा रुपये होते. अकराशे नव्याण्णव भरून घेतलेल्या योजनेनं ते वाचवले.

मी आत्यांना फोन लावला. आमचं घर वरच्या आळीला, त्यामुळं गावात रेंज मिळायची ती आमच्या ओट्यावर. पहिल्याच रिंगला त्यांनी उचलला.

“आत्या,” मी म्हणाले, आणि रडूच आलं. “पाकीट गेलं. सगळ्यांची कार्डं गेली. चिठ्ठी पण गेली. ती योजना काही उपयोगाची नाही, आत्या. साळूआक्काचे पैसे.”

आता ऐकावं लागणार, असं वाटलं. ‘मी म्हनलं हुतं न्हवं. ह्यो मधला कोन. मला न्हाय कळायचं काय.’ ऐकायची माझी तयारी होती.

“रडायचं मागनं रड,” आत्या म्हणाल्या. “आदी सांग, काय दाबायचं?”

मी सांगितलं. पासबुकाच्या मागचा नंबर. मराठीला दोन. कार्ड बंद करायला एक. मग खात्याचा नंबर, मग विचारील तेव्हा पुन्हा एक. ज्याचं खातं त्याच्याच फोनवरून. आत्यांनी सगळं मागून म्हणून दाखवलं, एकही चूक नाही. तेवढ्यात त्या ओट्यावरून हाक मारत असल्याचं मला ऐकू आलं. आमच्या आत्यांची हाक खालच्या आळीच्या विहिरीपर्यंत जाते.

“साळूचं पयलं करती,” त्या मला म्हणाल्या. “तू आता फोन ठिव आन त्या मशिनीकडं पळ.”

“मशीनकडं कशाला?”

“आगं, चोर आला तर कुटं यील? आपल्या घरी?”

मी टोमॅटो तसेच टाकले आणि पळत सुटले. पळताना डोक्यात एकच होतं. पंधरा तारीख. त्या म्हशी विकल्या तेव्हा आक्का गोठ्यात जाऊन दिवसभर बसून होत्या, जेवल्यासुद्धा नव्हत्या. आता ते पैसे गेले तर मी त्या घराच्या दारात कुठल्या तोंडानं उभी राहणार होते? त्या मला एक शब्द बोलणार नाहीत, हेच मला सहन होत नव्हतं.

बाजारपेठ पार दुसऱ्या टोकाला, त्यात बाजाराची गर्दी, पोचायला अर्धा तास गेला. मशीनपाशी रांग होती, पण ती हलत नव्हती. तिथला गार्ड म्हणजे पलटणीतून निवृत्त झालेला माणूस. सगळे त्याला मेजर म्हणायचे. तो मला ओळखायचा, कारण दर महिन्याला माझ्यामागची माणसं त्याच्याकडं माझी तक्रार करायची. एका बाईनं पंधरा कार्डं घालत बसायचं म्हणजे मागच्यांनी उन्हात किती वेळ उभं राहायचं? मेजर त्यांना गप्प करायचा.

मला धापा टाकताना पाहून तो हसला. “या बाई. आज तुम्हाला जोडीदार भेटलाय.”

“काय?”

“आत गेलाय एक. तुमच्यासारखाच. कार्डांचा गठ्ठा घेऊन. अर्धा तास रांगेत उभा होता, आत जाऊन पाच मिनिटं झाली, बाहेर यायचं नाव नाही. लोक वैतागलेत.”

मी काचेच्या दाराला नाक लावलं. आत तिशीचा एक माणूस पाठमोरा उभा होता. इस्त्रीचा निळा शर्ट, डोक्याला चपचपीत तेल. त्यानं कार्ड घातलं, चार आकडे दाबले, मशीननं कार्ड बाहेर ढकललं. त्यानं दुसरं घातलं. पुन्हा तेच. कार्डांवर पांढऱ्या चिकटपट्ट्या होत्या. माझं अक्षर मला बाहेरून ओळखू आलं.

“मेजर,” मी म्हणाले, “ती माझी कार्डं आहेत. आत्ता चोरलीत बाजारात.”

मेजरनं एकही प्रश्न विचारला नाही. त्यानं लोखंडी शटर हात लावून खांद्याएवढं खाली ओढलं आणि दारासमोर पाय फाकून उभा राहिला. मग काचेवर दोन टकटक केल्या.

“साहेब, जरा बाहेर या.”

तो माणूस वळला. अजून घाबरला नव्हता. एका कार्डातून त्याला पैसे मिळाले होते, त्याच्या वरच्या खिशात नोटा फुगलेल्या दिसत होत्या. पहिल्याच कार्डाला पिन बरोबर निघाला, म्हणून उरलेल्यांतलं एक तरी चालेलच, या आशेवर तो आत चिकटून राहिला होता.

“मशीन खराब आहे तुमचं,” तो शटरखालून वाकून बाहेर येत मेजरला म्हणाला. “घरच्यांची कार्डं आहेत, एक पण चालत नाही.”

“घरच्यांची?” मी पुढं झाले. काय झालं कुणास ठाऊक, माझं रडणं थांबलं. अंगणवाडीत एखादं पोर खोटं बोलताना सापडलं की माझा आवाज जसा होतो, तसा झाला. “बघू. वरचं कुणाचं आहे?”

“तुम्ही कोण?”

“मागं उभी आहे मी रांगेत. वाचा की, नाव लिहिलंय पट्टीवर.”

रांगेतली माणसं पुढं सरकली. त्याला वाचावंच लागलं. “साळूबाई.”

“कोण तुमची?”

“आजी.”

“बरं. त्याखालचं?”

“हौसाबाई. चुलती आहे.”

“आणि त्याखालचं?”

“गंगूबाई. ती पण चुलतीच.”

“किती चुलत्या आहेत हो तुम्हाला?” रांगेतून कुणीतरी विचारलं आणि दोघं-तिघं हसले. तो मेजरच्या बगलेतून सटकायला बघत होता, पण मेजरचा पंजा त्याच्या खांद्यावर जाऊन बसला होता.

“अजून एक सांगा,” मी म्हणाले. “बायडाबाई कोण?”

त्यानं घाईनं गठ्ठ्यातलं कार्ड पाहिलं. “आत्या,” तो म्हणाला. “सख्खी आत्या. आजारी आहे ती, तिच्या औषधासाठीच पैसे काढतोय.”

“बायडाबाई माझी सासू आहे,” मी म्हणाले. “म्हणजे तुम्ही माझे दीर लागता की. कधी आलात गावावरून, भावजी?”

सगळी रांग खो खो हसली. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मी त्याच्या हातातून गठ्ठा काढून घेतला तेव्हा त्यानं तो घट्ट धरलासुद्धा नाही. बाजारात बंदोबस्ताला असलेला हवालदार तोपर्यंत पोचला. मेजरनं त्याला सलाम ठोकून सगळी हकीकत तीन वाक्यांत सांगितली. त्या माणसाच्या मागच्या खिशातून माझं कापडी पाकीट निघालं, चिठ्ठीसकट. वरच्या खिशातून साडेपाच हजार रुपये.

साडेपाच हजार. कुणाचे? एकसष्ट हजारांतले? मी तिथूनच घरी फोन लावला.

“आत्या, साळूआक्काचे?”

“हाइत.” आत्यांचा आवाज बसला होता. मागं बायकांचा कलकलाट चालला होता. “तिचं तर पयल्यांदा बंद क्येलं. समद्यांची झाली. यशवदा रानात ग्येलती, तिला बांदावनं वडून आनली. तिच्या फोनात पैसं न्हवतं, पर त्या नंबराला लागतच न्हाइत म्हनं.”

“मग हे साडेपाच हजार कुणाचे गेले?”

“ते व्हय? ते माजं.”

“तुमचं बंद नाही केलं?”

“दोन वरसं झाली तुज्या हातात कारडं देत्यात त्या. तुज्या तोंडाकडं बगून देत्यात. आदी त्यांची नगं करायला? माजं शेवटाला ठिवलं हुतं. नंबर दाबाय लागले आन म्यासेज आला, साडेपाच ग्येलं. मी म्हनलं जाऊंदे. गडी मशिनीत हाय, मालन गाटतीय आता त्याला.”

मी भर बाजारपेठेत, पंचवीस माणसांसमोर, हमसून हमसून रडले. मेजरनं मला त्याची खुर्ची दिली आणि पाणी दिलं. मी आत्यांना मनात नाही नाही ते बोलत आले होते, लग्न झाल्यापासून. ते सगळं त्या खुर्चीत बसून आठवत होतं.

आत्यांचे पैसे पोलिसांकडून मिळायला दीड महिना लागला, पण मिळाले. चौदा तारखेला साळूआक्का स्वतः तालुक्याला आल्या, बँकेत पासबुक दाखवून, अंगठा लावून एकसष्ट हजार काढले आणि दुसऱ्या दिवशी नातीला घेऊन कराडला गेल्या. ऋतुजा आता साताऱ्याला एका दवाखान्यात सिस्टर आहे. गावात कुणी आजारी पडलं की आधी तिला फोन जातो.

दहा तारखेच्या त्या संध्याकाळी मी वडापमधून उतरले तेव्हा चौदाच्या चौदा जणी आमच्या ओट्यावर बसून होत्या. मी सगळ्यांसमोर चिठ्ठीचं सांगितलं, पिनचं सांगितलं, योजनेचं सांगितलं. चूक माझी होती, ती मी पदरात घेतली. हौसाबाई म्हणाल्या, “चोर घावला न्हवं? मग झालं.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्यांना चोराची गोष्ट ऐकायची होती, तो तेल लावून आला होता का, कुठल्या गावचा, रडला का. मला ती तीन वेळा सांगावी लागली. ‘कधी आलात गावावरून, भावजी’ इथं दर वेळी सगळ्या पदर तोंडाला लावून हसायच्या आणि यशोदाबाई पुन्हा म्हणायच्या, “आगं बया, परत सांग ती भावजीचं.”

हसणं थांबल्यावर आत्या म्हणाल्या, “आता फुडल्या म्हयन्यापासनं कारड कुनी द्यायचं न्हाय आन हिनं घ्यायचं न्हाय.”

मला ते लागलं. “माझ्यावर भरवसा नाही का राहिला, आत्या?”

“तुज्यावर हाय,” आत्या म्हणाल्या. “तुजी पिशवी कुनीबी कापतंय.”

नवी कार्डं पोस्टानं यायला वीस दिवस लागले. तेवढे दिवस अंगणवाडी सुटली की आत्या सोडून बाकीच्या तेरा म्हाताऱ्या तिथल्या सतरंजीवर पाट्या घेऊन बसायच्या. फोनवरचे आकडे त्यांना ओळखता यायचे, पण मशीनवर दाबायची धास्ती वाटायची. आत्या मास्तरीण झाल्या. शून्य ते नऊ, पुन्हा शून्य ते नऊ. मी पोरांना शिकवते त्यापेक्षा त्या कडक होत्या. गंगूबाईंनी सहा उलटा काढला म्हणून त्यांना वीस वेळा गिरवायला लावला.

पुढच्या दहा तारखेला मी जीपवाल्याला सांगून अख्खी गाडीच ठरवली. आधी आम्ही बँकेत गेलो. नव्या कार्डांची काही नोंद राहिली होती. तो योजनेवाला मुलगा मला पाहून उठूनच उभा राहिला.

“ताई, ऐकलं आम्ही सगळं. आपली योजना कामाला आली म्हणायची.”

“आली की,” मी म्हणाले. “तीनशे बारा रुपये वाचले.”

तो ओशाळला. वाईट मुलगा नव्हता तो. ज्याच्या खिशात पाच बँकांची पाच कार्डं असतील त्याला ती योजना सोयीची असेलही, मी नाही म्हणत नाही. पण ज्याची सगळी पुंजी एका खात्यात आहे, त्यानं बँकेचा फुकट नंबर पाठ केला तरी पुरतं, आणि पिन दुसऱ्याच्या हातात असेल तर कुठलीच योजना कामाची नाही, एवढं मला कळलं होतं. योजना बंद करायचा फॉर्म मी मागून घेतला. तो भरताना आत्या माझ्या खांद्यावरून वाकून प्रत्येक ओळ मोठ्यानं वाचत होत्या. रांगेतले लोकही ऐकत होते. दोघांनी आपापले फॉर्म तिथंच मागितले.

मग मशीन. मेजरनं चौदा जणींना ओळीनं उभं केलं, पलटणीत करतात तसं, आणि मागच्या लोकांना सांगितलं, “आज घाई करायची नाही. ही आपली खास मंडळी आहेत.” कुणी कुरकुर केली नाही. त्यातल्या काहींनी तो दिवस पाहिला होता.

पहिल्या साळूआक्का. मी सवयीनं त्यांच्याबरोबर आत गेले. कार्ड कसं घालायचं ते दाखवलं. मशीननं नवा पिन मागितला. आक्कांनी बोट वर केलं आणि थांबल्या. मला वाटलं, विसरल्या.

“कुठला ठरवलाय, आक्का? सांगा, मी दाबते.”

त्यांनी पदराचं टोक धरून आकड्यांवर आडवं धरलं.

“बाई,” त्या म्हणाल्या, “तू जरा त्वांड फिरीव.”

मी वळून भिंतीकडं तोंड केलं. पाठीमागून एक एक करत चार वेळा आवाज आला, सावकाश, न चुकता. मग पुन्हा चार. आणि मग साळूआक्का स्वतःशीच हसल्या. बाहेर काचेपलीकडं आत्या कमरेवर हात ठेवून बघत होत्या, आणि त्यांच्यामागं बारा जणी आपापलं कार्ड मुठीत धरून.

चौदा वेळा मी भिंतीकडं तोंड केलं. आज आमच्या गावात मला एकाही बाईचा पिन ठाऊक नाही, आत्यांचासुद्धा.